ज्याचा त्याचा आकडा

सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. प्रोजेक्टर, स्मार्ट टीव्ही, पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड, 2017 साली 'दीक्षा' हे सरकारी ऑनलाइन शिक्षण-व्यासपीठ सुरू झाल्यावर त्या कोडमागे आलेले व्हिडिओ, हे सगळं आमच्या वर्गात येऊन गेलं आणि मी ते मनापासून वापरलं. पडदा उजळला की वर्ग चिडीचूप व्हायचा. हृदयाचे कप्पे, अणूची रचना, उपग्रहाचं प्रक्षेपण अशा डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी पडद्यावर छान दिसतात आणि त्यासाठी मी आजही टीव्ही लावते. पण व्हिडिओ संपल्यावर "काय कळलं?" असं विचारलं की उत्तर पुस्तकातल्याच वाक्यात यायचं, आणि पहिल्या दोन बाकांवरूनच यायचं. बाकीच्यांनी सिनेमा पाहिलेला असायचा.

बदल झाला तो मोजमाप मुलांच्या हातात गेल्यावर. सांगायचंय ते त्याबद्दल.

सुरुवात एका ॲपपासून झाली. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातल्या मंडळींनी 2016 साली 'फायफॉक्स' नावाचं ॲप काढलं. मोबाइलमध्ये मुळातच बरेच संवेदक बसवलेले असतात. स्क्रीन आडवी-उभी होते ती त्वरण मोजणाऱ्या संवेदकामुळे, होकायंत्र चालतं ते चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या संवेदकामुळे, आणि मायक्रोफोन तर प्रत्येक फोनला असतोच. हे ॲप त्या संवेदकांचे आकडे आणि आलेख थेट समोर मांडतं. पैसे लागत नाहीत, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटही लागत नाही. आमच्याकडे रेंज डोंगराच्या मर्जीवर आणि वीज महावितरणच्या, त्यामुळे ही गोष्ट फार मोलाची होती.

अडचण निराळीच होती. शाळेत मोबाइल आणायला मनाई, आणि ती मनाई मलाही पटलेली. पालकसभेत विषय काढला तेव्हा एका वडिलांनी उभं राहून सांगितलं, "मॅडम, कोरोनात अभ्यासाला म्हणून मोबाइल दिला, तो पोराच्या हातातनं अजून सुटंना. आता तुम्ही शाळेतच देणार?" त्यांचं बोलणं खरं होतं. त्यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी असं ठरलं, की मुलांनी फोन आणायचा नाही. घरात पडून असलेले, काच तडकलेले, पण चालू असलेले जुने फोन पालकांनी शाळेला द्यायचे. त्यात सिम नको आणि खेळ नकोत, फक्त ॲप राहील. फोन प्रयोगशाळेच्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. आज त्या कपाटात परीक्षानळ्यांच्या खालच्या फळीवर गटाला एक असे फोन आहेत, प्रत्येकाला नंबर दिलेला. ज्यांनी सभेत विरोध केला, त्यांच्याच घरून सगळ्यात चांगला फोन आला.

पहिला मोठा तास दहावीच्या पहिल्याच पाठाचा, गुरुत्वाकर्षणाचा. फोन टेबलावर सपाट ठेवला, त्वरण मोजणारा भाग उघडला, पण 'सुरू'चं बटण दाबलं नाही. आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं: फोन स्थिर आहे, तर त्वरण किती दिसेल? जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्यांवर शून्य. मग बटण दाबलं. आकडा आला 9.8 च्या आसपास.

"मॅडम, फोन बिघडलाय." दुसरा घेतला, 9.7. तिसरा, 9.9. मागच्या बाकावरचा एक मुलगा पुढे आला, त्याने फोन पालथा केला आणि आकड्याचं चिन्ह बदललं. फोन कडेवर उभा केला तेव्हा तो आकडा दुसऱ्या अक्षावर सरकला. वर्गात कुणाकडेच उत्तर नव्हतं, पण फोन बिघडलाय हे म्हणणं त्या मुलाने आपल्या हाताने निकालात काढलं होतं. बिघडलेलं यंत्र इतकं शिस्तीत वागत नाही.

पुढचा प्रश्न मीच टाकला: फोन वरून सोडला तर पडताना काय दिसेल? पुन्हा चिठ्ठ्या. आता बहुतेकांनी 9.8 लिहिलं, कारण पाठात मुक्त पतनाचं त्वरण तेवढंच दिलंय. जमिनीवर चौघडी गोधडी अंथरली, साधारण मीटरभर उंचीवरून फोन सोडला. आलेख पाहिला तर पडण्याचा अर्धा सेकंदही नसलेला काळ रेघ शून्याला चिकटलेली, आणि गोधडीवर आपटताना एकदम उंच टोक.

म्हणजे स्थिर असताना 9.8 आणि खरोखर त्वरण होतंय तेव्हा शून्य. सगळंच उलटं. हा गोंधळ मी लगेच सोडवला नाही. दुसऱ्या दिवशी कपाटातला ताणकाटा काढला, त्याला 500 ग्रॅमचं वजन टांगलं. फोनच्या आत अशीच एक अतिसूक्ष्म वस्तू सिलिकॉनच्या बारीक स्प्रिंगांवर बसवलेली असते आणि स्प्रिंग किती ताणली गेली तेच फोन सांगतो, एवढं सांगितलं. मग ताणकाटा वजनासकट गोधडीवर सोडला आणि एका मुलीने दुसऱ्या फोनच्या स्लो मोशनमध्ये त्याचं चित्रण केलं. चित्रण एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिलं, तर हातातून सुटताच काट्याचा दर्शक शून्याकडे गेलेला. काटा आणि वजन बरोबरच पडतायत, तर कोण कुणाला ताणणार?

थोड्या वेळाने त्याच मुलीने विचारलं, "मग अंतराळवीर तरंगतात ते तिथं गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून नाही?" पाठातलं सूत्र फळ्यावरच होतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण 400 किलोमीटर उंचीवर फिरतं. पृथ्वीच्या त्रिज्येत ते मिळवून त्या उंचीवरचं g, म्हणजे गुरुत्व त्वरण, काढायला सांगितलं. उत्तर आलं 8.7. जमिनीवरच्यापेक्षा फार कमी नाही. गुरुत्वाकर्षण आहेच, अंतराळवीर आणि त्यांचं यान दोघंही सतत पडतायत. ही गोष्ट मी आधीही दरवर्षी सांगायचे, मुलं मान डोलवायची आणि परीक्षेत "अवकाशात गुरुत्वाकर्षण नसते" असंच लिहायची. गोधडीवर पडलेल्या फोनचा शून्य पाहिलेल्या मुलांनी ते वाक्य सोडलं. सगळ्यांनी नाही, पण पुष्कळांनी.

नववीच्या ध्वनीच्या पाठाने आम्हाला याहून पुढे नेलं. ध्वनीचा हवेतला वेग 22 अंश सेल्सिअसला सेकंदाला 344 मीटर, हे पाठ असतं. तो शाळेच्या व्हरांड्यात मोजता येतो यावर कुणाचा विश्वास नव्हता. ॲपमध्ये आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे: पहिल्या आवाजाला सुरू होतं, दुसऱ्या आवाजाला थांबतं. दोन फोन 10 मीटर अंतरावर ठेवायचे. एकाने पहिल्या फोनजवळ टाळी वाजवायची. तो फोन लगेच सुरू होतो, दुसरा आवाज पोचल्यावर, म्हणजे जरा उशिरा. मग दुसऱ्याने दुसऱ्या फोनजवळ टाळी वाजवायची. आता दुसरा लगेच थांबतो आणि पहिला उशिरा. दोन्ही फोनवरच्या वेळा वजा केल्या की आवाजाला जाऊन येऊन 20 मीटर जायला लागलेला वेळ मिळतो. दोन्ही घड्याळं जुळवून घ्यायची गरजच पडत नाही. मला स्वतःला ही युक्ती इतकी आवडली, की ती पहिल्यांदा वाचली त्या रात्री मी घरात ओसरीवर दोन फोन ठेवून करून पाहिली.

गटांचे आकडे फळ्यावर आले: 331, 352, 318, 367, 340, आणि एका गटाचा 1200. मग वाद सुरू झाला. ज्या गटाचा 340 आला ते खूश. त्यांना वाटलं आपण बरोबर, बाकीचे चूक. 1200 वाल्यांना तो आकडा खोडायचा होता. एकाने हरकत घेतली, "आवडला नाही म्हणून खोडायचा का?" अर्धा तास त्यावरच गेला. शेवटी वर्गानेच नियम केला, की आकडा खोडायचा असेल तर बाजूला कारण लिहायचं, आणि ते कारण प्रयोगात काय घडलं याबद्दलचं असलं पाहिजे, उत्तर पुस्तकाशी जुळत नाही हे कारण चालणार नाही. 1200 वाल्यांना आठवलं, की मधल्या सुट्टीतून परतणाऱ्या पाचवीच्या पोरांचा गलका झाला होता आणि त्यांच्या एका फोनने टाळीच्या आधीच वेळ धरली होती. कारण लिहिलं, आकडा खोडला.

बाकीचे आकडे वेगवेगळे का, हा प्रश्न उरला. 20 मीटरला आवाज घेतो साधारण 58 मिलिसेकंद. त्यात एका मिलिसेकंदाची गल्लत झाली तर वेगात सेकंदाला 6 मीटरचा फरक पडतो. टाळी फोनच्या अगदी जवळ वाजली की हातभर लांब, यानेही फरक पडतो. हे गणित मुलांनी केलं, मी फक्त खडू पुरवला. उपायही त्यांनीच काढला: अंतर वाढवायचं. मैदानावर 40 मीटर आखले. तेवढ्या लांबून टाळी दुसऱ्या फोनला ऐकू जाईना. शिपाई मामांकडून घंटेचा हातोडा आणि रुळाचा एक जुना तुकडा मागून आणला. तो लोखंडी टोल मात्र बरोबर पोचला. आता आकडे एकमेकांच्या बरेच जवळ आले.

मैदानावर वारा होता. एका गटाने तक्रार केली, की वाऱ्याने सगळं चुकणार. त्यावर एरवी वर्गात फारसं न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "जाताना वारा मागनं लागतोय, येताना समोरनं. जाऊन-येऊन मोजतोय की आपण." तिला पूर्ण उत्तर मिळालं नव्हतं, थोडासा फरक उरतोच, पण वाऱ्याच्या मानाने ध्वनी इतका वेगवान, की तो फरक आमच्या फोनला कळणारही नाही. पुढे जानेवारीत एका शनिवारी सकाळच्या शाळेत, थंडीत, आणि नंतर एका दुपारी उन्हात अशी दोनदा मोजणी केली. तापमान अंशाने वाढलं की ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 0.6 मीटरने वाढतो. सकाळची सरासरी खरंच कमी आली. फरक अपेक्षेपेक्षा जास्त होता, आणि तो का, यावर प्रत्येक गटाने आपापला तर्क वहीत लिहिला.

त्या वह्या तपासताना मला कळलं, की आपण वर्षानुवर्षं प्रयोगवही नावाखाली काय करत आलो. साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, सगळ्या वर्गाचं शब्दशः सारखं. चाळीस मुलांनी दोलकाचा काल मोजला तर चाळीस वह्यांत एकच आकडा, कारण तो मोजलेलाच नसतो. फोनमुळे प्रत्येक गटाचा स्वतःचा आकडा झाला. स्वतःचा आकडा असला, की त्याची बाजू घेऊन भांडावं लागतं, दुसऱ्याचा का वेगळा आला ते विचारावं लागतं, आणि त्या भांडणात मागचे बाक पुढे येतात. अलीकडे मुलं निष्कर्ष एआयला विचारून आणायला लागली आहेत. भाषा सुंदर असते. पण आमच्या व्हरांड्यात तिसऱ्या गटाला 318 का आला, हे त्याला ठाऊक नसतं, त्यामुळे त्या गटाला ते स्वतःच लिहावं लागतं. मी एआयला मनाई केलेली नाही. मी प्रश्न बदलले.

धाराविद्युतच्या पाठाला दुसरी पद्धत धरली. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला एक रीत रूढ केली. प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने एकट्याने मत द्यायचं, उत्तर सांगायचं नाही, मग शेजाऱ्याशी वाद घालून पुन्हा मत द्यायचं. त्यासाठी महागडी क्लिकर यंत्रं मिळतात. आम्ही घोटीव कागदाची रंगीत कार्डं केली: अ लाल, ब हिरवं, क निळं.

प्रश्न असा: एका सेलला दोन सारखे बल्ब एकसरीत जोडले. कोणता जास्त उजळेल? अ, धन टोकाजवळचा. ब, ऋण टोकाजवळचा. क, दोन्ही सारखे. पहिल्या फेरीत वर्ग लालेलाल झाला. पहिला बल्ब थोडी वीज "खातो", दुसऱ्याला उरलेली मिळते, असं मुलांना वाटतं. जगभरातल्या मुलांना तसंच वाटतं. शेजाऱ्याशी बोलल्यावर निळी कार्डं वाढली, पण लालही ठाम होती. मग कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पातलं विद्युत परिपथाचं सिम्युलेशन लावलं. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी 2002 साली सुरू केलेला हा प्रकल्प आहे, त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतून चालतात आणि आधी उतरवून ठेवता येतात. पडद्यावर इलेक्ट्रॉन सगळीकडे एकाच चालीने सरकताना दिसले, अमीटर कुठेही लावला तरी आकडा तोच. निळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी तास तिथे संपवला नाही. खरे सेल, खऱ्या तारा, खरे बल्ब वाटले. (टॉर्चचे फिलामेंटवाले बल्ब आता तालुक्यालाही शोधावे लागतात, एलईडीने ते बाजारातून घालवले.) आणि तीन गटांत एक बल्ब ठळक, एक मंद! लाल कार्डवाले उसळले. "बघा मॅडम, ह्यो जास्त पेटतोय!" पडदा एक सांगतोय आणि टेबल दुसरंच. अशा वेळी शिक्षकाने मध्ये बोलू नये असं माझं ठाम मत झालंय. काही मिनिटं गेली आणि एका गटाने बल्बांच्या जागा बदलल्या. ठळक बल्ब दुसऱ्या जागी गेला तरी ठळकच राहिला. म्हणजे फरक जागेचा नव्हता, बल्बचा होता. एका खोक्यातले बल्बसुद्धा नेमके सारखे नसतात. सिम्युलेशनमधले बल्ब आदर्श, आमचे दुकानातले. त्या दिवशी सिम्युलेशन आधी की प्रयोग आधी, हा माझ्या मनातला जुना प्रश्न सुटला. दोन्ही हवेत, आणि दोन्ही एकमेकांशी न जुळण्याची वेळ यायला हवी.

फोल्डस्कोपबद्दल थोडक्यात. मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी स्टॅनफर्डमध्ये तयार केलेला हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक, वर्धन सुमारे 140 पट. कांद्याची साल, शेततळ्यातलं हिरवं पाणी, जास्वंदीचे परागकण मुलांनी यातून पाहिले. लहान वर्गांना तो फार आवडतो, कारण तो खिशात घालून घरी नेता येतो. शाळेतला पितळी सूक्ष्मदर्शक कधी कुणाच्या खिशात गेला नाही.

हे सगळं दर पाठाला होत नाही, करूही नये. मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण मी खडू-फळ्यानेच शिकवते. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शिक्षकखोलीत विचारलं, "हे बोर्डाच्या पेपरला येणार आहे का?" प्रश्न रास्त आहे. दहावीला विज्ञानाचे 40 गुणांचे दोन पेपर आणि 20 गुण प्रात्यक्षिकांचे. पालक ते गुण बघतात आणि पुढचा प्रवेश त्यावर ठरतो. आवाजाच्या वादात गेलेला अर्धा तास कुठून तरी भरून काढावा लागतो. मी तो व्याख्या लिहवून घेण्याच्या वेळातून काढते. व्याख्या पुस्तकात छापलेल्या असतात. आणि प्रयोगवहीत 'निरीक्षण'च्या आधी आम्ही एक रकाना जास्त आखतो: 'आधी काय वाटलं होतं'. तिथे चूक लिहिलं म्हणून कुणाचे गुण जात नाहीत. तेच सहकारी या वर्षी ऊर्जेच्या पाठाला कार्डं मागून घेऊन गेले.

सध्या आम्ही सावलीत गुंतलो आहोत. सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते तो शून्य सावलीचा दिवस साताऱ्याच्या अक्षांशाला वर्षातून दोनदा येतो: एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळेला सुट्टी असताना, आणि एकदा ऑगस्टच्या सुरुवातीला, आभाळ भरलेलं असताना. म्हणून मे महिन्यात मुलांनी आपापल्या अंगणात काठी रोवून वेळ टिपली आणि पालकांच्या फोनवरून वर्गाच्या ग्रुपवर फोटो पाठवले. सगळ्यांचा पहिला धक्का एकच: सावली बाराला नाहीशी झाली नाही, साडेबाराला झाली. भारताचं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर चालतं, आपण 74 अंशांवर, आणि दर अंशाला 4 मिनिटं. हे गणित भूगोलात झालेलं होतं, पण अंगणात पहिल्यांदा भेटलं. स्टेलेरियम या आकाशदर्शनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घालून प्रत्येकाने आपली वेळ पडताळली.

पुढे 21 मार्चला, सूर्य विषुववृत्तावर असताना, नागपूरकडच्या एका शाळेबरोबर एकाच दिवशी मोजायचं ठरलंय. एक मीटरच्या काठीची सर्वांत आखूड सावली आमच्याकडे सुमारे 32 सेंटिमीटर, त्यांच्याकडे 39. त्या दोन सावल्यांवरून आणि दोन गावांमधल्या उत्तर-दक्षिण अंतरावरून पृथ्वीचा परीघ काढायचा, प्राचीन ग्रीक विद्वान एरॅटोस्थेनिसने काढला तसा. तयारीसाठी स्टेलेरियम उघडलं तेव्हा नववीतल्या एकाच्या लक्षात आलं, की मार्चमध्ये आमची माध्यान्ह 12 वाजून 41 मिनिटांनी आहे. मेमध्ये तर साडेबारा होती. गाव तेच, रेखांश तोच, मग ही 11 मिनिटं कुठली? पृथ्वीच्या कक्षेचा लंबवर्तुळाकार आणि तिच्या आसाचा कल, असं मी दोन वाक्यांत सांगू शकले असते. त्यांनी त्याऐवजी मैदानाच्या कोपऱ्यात लोखंडी गज ओळंब्याने सरळ रोवलाय, आणि दर बुधवारी बरोबर साडेबाराला सावलीच्या टोकावर रंगाचा ठिपका द्यायचा असं ठरवलंय. शनिवार चालत नाही, त्या दिवशी शाळा सकाळची असते. पावसाळ्यातले ठिपके बरेच चुकतील, हे त्यांनी वहीत आधीच लिहून ठेवलंय.